बाळंतिणीच्या दारात जेसीबी

रस्त्याच्या कामावर किस्से खडीसारखे साठतात. कुणी मागवलेले नसतात, पण बघावे तेव्हा ढीग वाढलेलाच! माझे शिक्षण सातवीपर्यंत. लिहायची सवय नाही. पण शाहूपुरीत चहाच्या टपरीवर हे सांगितले की लोक म्हणतात, "मुकादम, थापा मारताय." मी जन्मभर रस्ते केले, थापा मारल्या नाहीत. म्हणून चंदगडकडच्या एकाच कामावरचे किस्से लिहून ठेवतो. ज्याला पटत नसेल त्याने चंदगडला जाऊन विचारावे.

*

काम रस्ता रुंद करायचे होते. बाजूची तांबडी दरड कापायची होती. पहिल्याच दिवशी बघतो तर दरडीला गाल लावून एक बाई पडलेली, हातात बॅटरी, बॅटरीचा उजेड एका बिळात. आमचा जेसीबीचा ऑपरेटर सदा. आवाज मोठा, छाती त्याहून मोठी. त्याने हॉर्न मारला.

बाईने मागे न बघता हात वर केला. "हळू. आत बाळंतीण आहे."

सदाने मशीन बंद केले. टोपी काढली. खाली उतरून विचारले, "कुत्री हाय व्हय, मॅडम?"

"नाही. कोळी आहे. टॅरॅन्टुला."

तेवढ्यात ती बाळंतीण उन्हाला दाराशी आली. तळहाताएवढी, अंगभर केस, आणि पायांत धरलेली पांढरी पुरचुंडी. अंड्यांची.

सदा एका उडीत केबिनमध्ये! आमच्या जेसीबीच्या केबिनला दार नव्हते. तरी त्याने ते लावून घेतले.

*

मॅडम कागलच्या. घरचे जैन शेतकरी. कॉलेजात शिकवतात आणि कोळ्यांचा अभ्यास करतात. चहाला बसल्या तेव्हा आक्काताईने पहिला प्रश्न तोच विचारला जो कुठल्याही बाळंतिणीबद्दल विचारतात. आक्काताई म्हणजे आमच्या गँगमधली सगळ्यात जुनी बाई. तिच्यापुढे मीही जपून बोलतो.

"पोरं किती व्हतील हिला?"

मॅडम म्हणाल्या, "जातीवर असतं, मावशी. ब्राझीलमधली एक जात आहे, ती एका वेळी दोन हजारांपर्यंत अंडी घालते."

"अगं बया!"

"काही बारक्या जातींना शंभरसुद्धा होत नाहीत. आपल्याकडच्या झाडावर राहणाऱ्या जातीला शंभराच्या मागंपुढं. आणि जगातली सगळ्यात वजनदार जात आहे ना, जेवायच्या ताटाएवढी, तिलाही शंभर-दीडशेच."

सदा म्हणाला, "म्हंजे अंगानं थोर त्याला पोरं थोडी! आमच्या मुकादमासारखंच की!"

मला एकच मुलगी आहे. सदाला त्या दिवशी दुसरा चहा मिळाला नाही.

मग आक्काताईने दरडीकडे बोट केले. "आनी हिला?"

मॅडम म्हणाल्या, "तेच कुणी नीट मोजलेलं नाही. मी तीन वर्षं इथं येते. या दरडीत पाच जणी आहेत. पिल्लं घराबाहेर पडताना मोजायची आहेत. त्याआधी दरड पडली, तर माझं सगळं पाण्यात."

*

वरचे साहेब जीप घेऊन आले. कोळ्यासाठी काम बंद आहे असे कुणीतरी त्यांच्या कानावर घातले होते.

मी म्हणालो, "काम बंद नाही. दुसऱ्या टोकाकडून चालू आहे."

"नकाशात सुरुवात इकडून आहे, मुकादम."

"रस्त्याला दोन टोकं असतात, साहेब."

साहेबांनी जीपमधून उतरून लांबवर बघितले. तिकडे खरेच धूळ उडत होती. म्हणाले, "पावसाच्या आत पुरं करा. ही दरड ठेवून मी बिल पास करणार नाही." मॅडमना म्हणाले, "आणि तुमच्या कोळ्यांना सांगा, लवकर आटपा!"

मॅडम म्हणाल्या, "सर, त्यांना कान नसतात. जमिनीचा हादरा तेवढा कळतो."

साहेबांनी जीपचे दार हळू लावले. मी बघितले.

*

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पाची बिळांभोवती चुन्याची पांढरी वर्तुळे मारली. कुणी हात लावू नये म्हणून. चांगल्या मनाने मारली. पण आमच्या धंद्यात पांढरी फक्की मारली, की तिथे खणायचे! आमची माणसे विचारत बसत नाहीत. मी पोचलो तेव्हा एकाने पहिल्या वर्तुळावर टिकाव उगारलेला होता. मी इतका ओरडलो, की दरडीवरच्या काजूच्या बागेतले माकडही खाली उतरले.

मॅडमचा चेहरा पांढराफटक. "मग खूण तरी कसली करू?"

आक्काताई उठली. सुट्टी घेऊन घरी गेली. चंदगडच्या पावसाळी मुलखात कडुनिंब सहज मिळत नाही. ती आपल्या गावाकडून एसटीने भारा घेऊन आली आणि पाची बिळांच्या तोंडावर एकेक डहाळा खोचला. बाळंतिणीच्या दाराला खोचतात तसा.

त्यानंतर दरडीजवळून जाताना आमची गँग आपोआप कुजबुजत बोलायला लागली. ज्या माणसांना लग्नात माईक लागत नाही, ती माणसे!

*

तरी एक वाईट झाले. नवा रोलरवाला वळायला जागा मिळेना म्हणून दरडीला खेटून रोलर चालवून गेला. त्याला कुणी सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी मॅडम एका बिळापाशी बराच वेळ बसून राहिल्या.

"काय झालं?" मी विचारले.

"पुरचुंडी नाही. खाल्ली तिनं. धोका वाटला की स्वतःच खातात."

त्या दुपारी सदाने डबा उघडला नाही. शेवटी मॅडमनीच त्याची समजूत काढली. "सदाभाऊ, ती पुन्हा घालील. पुढच्या नाही तर त्याच्या पुढच्या वर्षी. मादी जगते पुष्कळ. कितीतरी जातींत वीस वर्षंसुद्धा."

"आनी नवरा?"

"तो थोडी वर्षं. कधीकधी तीच त्याला खाते."

आक्काताई भाकरी मोडता मोडता म्हणाली, "मग जगणारच की वीस वर्सं!"

सदाने डबा उघडला. पण त्या बिळावरचा डहाळा त्याने काढू दिला नाही. म्हणाला, "ऱ्हाऊ दे. पुन्यांदा लागंल."

*

मे संपत आला. दुसऱ्या टोकाकडून आलेले काम दरडीला येऊन भिडले. तेवढाच तुकडा राहिला. पिल्ले बाहेर पडली, की आयांना वरच्या काजूच्या बांधात हलवायचे ठरले होते. मॅडमनी तशी परवानगीही काढून ठेवली होती. पण पिल्ले काही दाराबाहेर येईनात. आभाळ भरायला लागले. साहेबांचा फोन आला, "उद्या मी स्वतः येतो. दरड माझ्यासमोर पडली पाहिजे."

मी मॅडमना तसे सांगितले. त्या म्हणाल्या, "तुम्ही तुमच्याकडून केलंत, मुकादम." मला ते आवडले नाही. काम अर्धे ठेवायची मला सवय नाही.

सकाळी उजाडता उजाडता आक्काताईची हाक आली. हाक म्हणजे काय, लांबून नुसते हात हलवत होती. जाऊन बघतो तर एका डहाळ्याखालून तीळ सांडावेत तशी पिल्ले बाहेर पडत होती. मग दुसऱ्या बिळातून. मग तिसऱ्या आणि चौथ्या. एकामागे एक, सरळ वर, काजूच्या बागेकडे!

मॅडमना रडावे की मोजावे कळेना. एकटीने चार दारे कशी मोजायची? मी म्हणालो, "घमेली मोजून ज्यांचा जन्म गेला, ती माणसं काय मेलीत काय? बसा रे!" प्रत्येक बिळाशी एकेक जण बसला. मॅडम एका दाराशी, मी दुसऱ्या. आक्काताईने तिची जुनी पद्धत काढली. वीस झाले की एक खडा बाजूला. रस्त्यावर सगळे चिडीचूप.

आणि वळणावरून साहेबांची जीप आली, हॉर्न मारत.

सदा धावला. रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, दोन्ही हात वर. टोपी काढलेली.

"हळू, साहेब. आत बाळंतीण हाय."

साहेबांनी जीप बंद केली. उतरले. काय वाटले कोण जाणे, बूट काढून हातात घेतले आणि मोज्यांवर चालत आक्काताईच्या मागे येऊन उभे राहिले. तिच्या पुढ्यात खड्यांची रांग लागलेली. बराच वेळ वाकून बघितले. मग राहवेना. हळूच विचारले, "किती झाली, मावशी?"

आक्काताईने मान वर केली नाही.

"गप बसा, साहेब. मोजायचं चुकलं तर पुन्यांदा आत घालता येत न्हाईत!"