उजव्या कानातली बुडबुड

असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणणार नाही. डोणगावला बसस्टँडजवळ माझं रिपेअरिंगचं दुकान आहे... आधी रेडिओ-टेप, आता मोबाईल. आवाजात खरखर आली की कुठेतरी सोल्डर सुटलेलं असतं, एवढंच मला माहीत. तरी जे झालं ते लिहितोय.

माझा मोठा भाऊ पिकअप चालवायचा. दोन पावसाळ्यांपूर्वी चिखलीला माल उतरवून निघाला, तो घरी पोचलाच नाही. गाडी नाही, फोन बंद. पोलिसांत तक्रार दिली, सगळ्या सोयऱ्यांकडे शोधून झालं. हळूहळू गावात कुजबुज सुरू झाली — दुसरीकडे घर केलं असेल. वहिनी कोणाशी वाद घालायची नाही. त्याचं ताट मात्र रोज झाकून ठेवायची.

या उन्हाळ्यात एका दुपारी ती दुकानात आली. पिशवीतून दादाचा जुना वॉकमन काढला.

"भाऊजी, हा सुरू होते का पाहा ना. त्यायचा आवाज आहे कॅसेटीत."

लग्न नवं असताना वहिनी माहेरी, धाड गावी गेली होती. दादाला पत्र लिहायचा कंटाळा. त्याने घरच्या टेपरेकॉर्डरवर बोलून कॅसेटच पाठवली होती. म्हैस व्याली, विहिरीला पाणी आलं... असलंच सगळं. आणि शेवटी — "तू कवा येतं? मी वाट पाहून राह्यलो."

वॉकमनचा बेल्ट वितळून चिकट झाला होता, तो बदलला. हेड स्पिरिटने पुसलं. दादा बोलायला लागला, पण डाव्याच कानात. उजव्यात नुसती घुसमटलेली बुडबुड. इयरफोन बदलला — तेच. जॅकचं सोल्डरिंग नव्याने केलं, व्हॉल्यूमचा कंट्रोल साफ केला — तेच. मग दुसरी कॅसेट घातली, तर दोन्ही कानांत खणखणीत! म्हणजे दादाची कॅसेट खराब? ती दुकानातल्या दुसऱ्या टेपवर लावली... तिथेही स्वच्छ. फक्त ही कॅसेट या वॉकमनमध्ये असली की उजवीकडे बुडबुड. बरं, घरचा टेप मोनो होता, एका माइकचा. दोन्ही बाजूंना एकच आवाज भरला जाणार. वेगळं काही असूच शकत नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी आली. "उजव्या बाजूचा फॉल्ट सापडला नाही," मी सांगितलं.

"असू द्या," म्हणत तिने उजवा इयरफोन स्वतःच्या कानात घातला आणि डावा माझ्याकडे दिला.

माझ्या कानात म्हशीची गोष्ट चालू होती. वहिनी एकदम ताठ झाली.

"हाव," ती हळूच म्हणाली. थोडं थांबून पुन्हा, "हाव... समजलं."

"काय झालं वहिनी?"

"रस्ता दिसलाच नाही म्हणतात. पाणी लय गार आहे म्हणतात." तिने इयरफोन काढून काउंटरवर ठेवला. "माही वाट नको पाहू म्हणतात."

मी कॅसेट मागे घेऊन उजव्या कानाने ऐकली. नुसती बुडबुड. घाबरलो का? नाही. काहीच वाटलं नाही. समोर एक मोबाईल उघडून ठेवला होता, त्याचं काम करत बसलो.

काही आठवड्यांनी पोलिसांचा फोन आला. रस्त्यालगतच्या एका तलावाचं पाणी उतरलं होतं, गुराख्यांना गाडीचा टप दिसला. दादा आतच होता. ओळख पटवायला मी गेलो. सही केली, परत आलो. रडू आलं नाही.

वहिनी अंगणात तांदूळ निवडत होती. कसं सांगावं म्हणून मी उभाच राहिलो.

"सापडले ना?" तिनेच विचारलं आणि सूप बाजूला ठेवलं.

दिवस-कार्य उरकल्यावर मी वॉकमन पुन्हा लावला. दोन्ही कानांत दादा, एकसारखा, स्वच्छ. मी काहीही दुरुस्त केलेलं नव्हतं. कोणी म्हणेल, वहिनीच्या मनाचे खेळ. असतीलही. पण मग ती बुडबुड मलाही ऐकू आली, त्याचं काय? तिथपर्यंत विचार जातो आणि थांबतो.

परवा वॉकमन द्यायला गेलो तेव्हा वहिनीला विचारलं, "दादा अजून काही बोलला होता का?"

"हाव," ती म्हणाली. "पण ते माह्यासाठी होतं."