पोतारलेली भिंत

राणीसावरगावच्या पुढं आमचं गाव. दिवसभर शाळेत शिकवून संध्याकाळी मी बायांचा साक्षरतेचा वर्ग घ्यायचो. नामांतराच्या दंगलीनंतर माणसं एकमेकांच्या ओट्यावर चढेनाशी झाली होती. देवळाच्या मंडपात सगळ्यांना बसू देत नव्हते. साऱ्या वस्त्यांमधल्या बाया एका सतरंजीवर बसतील अशी एकच जागा उरली होती, हैदराबादला निघून गेलेल्या वकिलांचं जुनं घर. निजामाच्या काळात तिथं परवानगीशिवाय मराठी शाळा भरायची. तेव्हा आतल्या भिंतीवर कावेनं लिहिलेली बाराखडी अजून शाबूत होती.

माळवद मात्र गळत होतं, तुळया वाकल्या होत्या. अजून एक पावसाळा, मग घर बसलंच म्हणून समजा, असं सुतार म्हणाला. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीला सरकारी मदत मिळते असं कळलं आणि मी अर्जांचा सपाटा लावला. सगळी मदार त्या भिंतीवर होती. तीन वर्षं हेलपाटे घातले, ज्याच्या त्याच्यापुढं तोंड वेंगाडलं. शेवटी एक साहेब घर बघायला यायला तयार झाले.

मी त्यांना आणायला गंगाखेडला गेलो. जाताना चावी बायांकडं दिली. परत आलो तर दारात रांगोळी, आणि आतल्या सगळ्या भिंती पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या. पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्याकडं कुणी भिंती तशाच ठेवत नाही, हे मला सुचू नये?

वर्गातली थोरली, रोजानं खुरपायला जाणारी बाई हात पुसत पुढं आली.

"जुनी अक्षरं लय विटली होती, गुरुजी. फळ्यावर नवी हायतच की आपली. सायबाला घाण दिसू नये म्हून हात मारला."

तिला काय बोलणार? अर्जात काय लिहिलंय ते मी वर्गात एकदाही वाचून दाखवलं नव्हतं. वाचायला शिकवणारा मी! ओलं फडकं घेऊन वेड्यासारखा भिंत पुसायला लागलो. मातीबरोबर कावही फडक्यावर आली.

"राहू द्या," साहेब म्हणाले आणि चहा न घेता गेले.

महिन्यानं पत्र आलं. मी ते हजेरीवहीत दडवलं आणि फाइल औरंगाबादला अडकलीय अशी थाप मारली. बाया रोज विचारायच्या, मी रोज खोटं बोलायचो. मृगाच्या तोंडावर एका संध्याकाळी वहीतून ते पत्र खाली पडलं. त्याच बाईनं उचललं. माझा हात पुढं होईपर्यंत तिनं अक्षराखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली होती.

"भिंतीवरील... मूळ... अक्षरे..."

जोडाक्षर आलं की ती हमखास अडायची. 'अक्षरे'ला अडली नव्हती. पुढं तरी अडावी म्हणून मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो.

"...पुसली गेल्याने... मदत... देता येत नाही."

तिनं सबंध वाक्य एकदाही न चुकता वाचलं.