पाचशे हॉर्सपॉवर आणि आमचे दत्तराव

दत्तराव गारोळे यांची आणि माझी पहिली भेट एका वितळलेल्या पिस्टनमुळे झाली. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी शहरातली नोकरी सोडून पुसेगावला आईवडिलांकडे परतले होते आणि कुणी काही विचारू नये म्हणून घराबाहेर फारशी पडत नव्हते. एक दिवस हिंगोलीहून फोन आला. "मी दत्ता मिस्त्री बोलून राहिलो. एक वस्तू दाखवायची होती तुमाला. सवडीनं या."

औंढा रोडवरचं त्यांचं गॅरेज मी लहानपणापासून ऐकून होते. आमच्या गावातले ट्रॅक्टर, मळणीयंत्रं, हळद पॉलिश करायची यंत्रं तिथंच जात. पण त्यांनी मला कशासाठी बोलावलं असावं याचा अंदाज होता, म्हणूनच जायला दोन दिवस लावले.

गॅरेजच्या कोपऱ्यात ती गाडी उभी होती. निळी, चार दारांची, दिसायला साधी सेडान. पण तिच्या इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या अशा चारही चाकांना मिळत असे. मालक इम्रान हा हिंगोलीच्या हळद बाजारातल्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्याला शर्यतींची आवड. मी आपल्या जिल्ह्यातली म्हणून त्यानं ती गाडी, मी नोकरीला होते त्या वर्कशॉपमध्ये आणली होती. इंजिनात कोणत्या क्षणी किती पेट्रोल जावं हे गाडीतल्या कॉम्प्युटरला लिहून द्यायचं काम माझं. ताकद वाढली, इम्रान खूश झाला, आणि दुसऱ्याच शर्यतीत इंजिन फुटलं. वर्कशॉपनं सगळा दोष माझ्या लिहिण्यावर टाकला. मलाही तो खरा वाटला. गाडी ट्रकवर चढून हिंगोलीला आली आणि मी एसटीनं पुसेगावला.

दत्तरावांनी कापडात गुंडाळलेला पिस्टन माझ्या हातात दिला. एका कडेला त्याचं मेणासारखं पाणी झालं होतं.

"ह्यो तीन नंबरचा," ते म्हणाले. "बाकीचे तिन्ही बराबर हाईत. तुमचं लिहिणं चुकलं असतं तर चारी जळाले असते. ह्यो एकटाच काहून जळाला?"

"त्याला पेट्रोल कमी पडलं असेल."

"व्हय. त्याचा इंजेक्टर कचऱ्यानं अर्धा तुंबलाय. तुमी कॉम्प्युटरला सांगितलं, एवढं पेट्रोल दे. त्यानं दिलं म्हणून लिहून ठेवलं. आत पोचलं का, ते कुणी पाहिलं न्हाई."

"मी पाहायला हवं होतं."

"पाहायला पायजे होतं," ते शांतपणे म्हणाले. "तेवढी चूक तुमची. बाकीची तुमची न्हाई. उगं सगळी डोक्यावर घेऊन बसू नका."

तीन महिने ज्या ओझ्याखाली मी वावरत होते ते त्यांनी असं दोन वाक्यांत वेगळं करून दाखवलं. खोटं सांत्वन केलं नाही, की माझी चूकही झाकली नाही. मग म्हणाले, "इम्रानला पाचशे हॉर्सपॉवर पायजेत. लोखंडाचं मी पाहतो. कॉम्प्युटरचं मला कळत न्हाई. तुमी येता का?"

कंपनीतून निघाली तेव्हा त्या गाडीची ताकद याच्या निम्मी होती. मी काही बोलायच्या आत इम्रान आला. मला पाहून त्याचा चेहरा उतरला. "चाचा, इंजिन तो इनकेच हाथ से गया ना."

"म्हणून तर बोलावलं," दत्तराव म्हणाले. "कुठून जातं ते आता ह्यांच्याइतकं कुणाला ठाऊक हाय?"

इम्रानला हसू आलं, आणि काम ठरलं.

पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात लिहिणारे बहुतेक जण दत्तरावांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं ओळखतात. सिद्धेश्वर धरणाच्या बाजूच्या खेड्यातलं त्यांचं बालपण, सातवीनंतर सुटलेली शाळा, पाण्याचे डिझेल पंप उघडून बसवता बसवता हाताला आलेली विद्या, हे सगळं त्यांनी अधिकारानं लिहिलं असेल. मी माझ्या वाट्याला आलेले दत्तराव सांगते.

माझे वडील या कामाला तयार नव्हते. गॅरेजात पोरगी काम करणार, हे त्यांच्या पचनी पडेना. तिसऱ्या दिवशी दत्तराव पत्नीला, म्हणजे कमलकाकूंना घेऊन स्वतः पुसेगावला आले. वडिलांना वाटलं, आता हे समजावणीचं बोलतील. दत्तराव म्हणाले, "मालक, अजून पंधरा दिवस पाठवू नका. गॅरेजला बाईमाणसासाठी संडास-बाथरूम न्हाई. बांधायला काढलंय. झालं की या, बघा, मग ठरवा." पंधरा दिवसांनी वडील खरोखरच हिंगोलीला जाऊन आले. आतून कडी लागणारं दार, नळाला पाणी, बाहेर दिवा. घरी येऊन एवढंच म्हणाले, "जा. माणूस बराबर हाय." ज्या शहरी वर्कशॉपमध्ये मी सहा वर्षं काढली, तिथं ही सोय कुणाला सुचली नव्हती.

गॅरेजातल्या सगळ्यांना दत्तराव 'तुमी' म्हणतात. कालपरवा आलेल्या हेल्परलाही. मला ते 'मीनाक्षीबाई' म्हणतात, मी त्यांना काका म्हणते.

आमचं काम पाच महिने चाललं. जास्त ताकद हवी तर इंजिनात जास्त हवा कोंबावी लागते आणि तेवढंच जास्त पेट्रोल पोचवावं लागतं, त्यासाठी मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर आणि नवा पंप आला. दत्तरावांचं लक्ष मात्र दुसरीकडं होतं. पहिले दोन महिने ते ताकदीविषयी बोललेच नाहीत. पिस्टन आणि ते क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, जोडणारे रॉड जास्त मजबूत, घडीव धातूचे मागवले. नांदेडला सिलिंडर घासून घ्यायला ते स्वतः गेले आणि मशीनजवळ दिवसभर उभे राहिले. मग क्लच आणि गिअरबॉक्स उघडला. मी म्हटलं, "काका, तो तर चांगला आहे."

"अडीचशेला चांगला हाय," ते म्हणाले. "दोनच चाकांनी वढणारी गाडी जोर जास्त झाला की चाकं घसरून झटका सोडून देती. ही चारी पायांनी जमीन धरती. घसरत न्हाई. मग झटका जाईल कुठं? आतच बसंल."

हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं.

मध्येच हळदीचा हंगाम आला. एके सकाळी सिद्धेश्वरकडचे एक शेतकरी हळद शिजवायच्या यंत्राचं बंद पडलेलं इंजिन टेम्पोत घालून घेऊन आले. दत्तरावांनी सेडानवर कापड टाकलं आणि दोन दिवस त्या इंजिनाला दिले. इम्रान कुरकुरला. दत्तराव त्याला म्हणाले, "तुमची शर्यत पुढच्या साली बी होईल. ह्यांची हळद काढून पडलीया." इम्रान हळदीच्याच घरातला. थोड्या वेळानं तो स्वतःच पाना हातात घेऊन मदतीला वाकला.

आता मी ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला बसले तो सांगते.

शर्यतीला अकरा दिवस उरले होते. इंजिन जुळून सुरू झालं होतं, आवाज मऊ आणि गोल होता. तीन दिवस ते हळूहळू चालवून बसवलंही होतं. इम्राननं पेढे आणले. दत्तरावांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. ऑइल फिल्टर काढून कापायला लावला, आतला कागद उन्हात नेला आणि मला हाक मारली. "काय दिसून राहिलं, सांगा."

तेलात बारीक चमक होती. चांदीच्या भुकटीसारखी.

"धातू आहे काका. बेअरिंग घासतंय."

पेढा त्यांनी परत डब्यात ठेवला. मग म्हणाले, "उतरवा इंजिन."

इम्रान उसळला. बाहेरून आलेल्या मालात खोट असेल, तेल चुकीचं असेल, असं आम्ही दोघंही म्हणू लागलो. दत्तरावांना दोष द्यायला आमची जीभ रेटत नव्हती. इंजिन उघडलं. क्रँक ज्यावर फिरतो त्या बेअरिंगमध्ये तेलासाठी केसापेक्षा बारीक फट ठेवावी लागते. एका ठिकाणी ती कमी होती. ती मापं दत्तरावांनी स्वतः घेतली होती. त्यांनी मला तेच माप परत घ्यायला सांगितलं आणि माझा आकडा स्वतःच्या वहीतल्या आकड्याशेजारी लिहिला. दोन्ही वेगळे होते.

गॅरेजातली सगळी माणसं जमली होती. दत्तराव सर्वांसमोर म्हणाले, "चूक माझी हाय. मालाची न्हाई, कुणाची न्हाई. माझ्या डोळ्यांना मोतीबिंदू उतरलाय. वर्षभर मला ठाऊक हाय, आन् मी कुणाला सांगितलं न्हाई."

पन्नास वर्षं ज्या माणसाचा शब्द या जिल्ह्यात अखेरचा मानला गेला, तो माणूस हे बोलत होता. कमलकाकू दारात उभ्या होत्या. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं. "काहून सांगितलं न्हाई?" त्यांनी विचारलं.

"भेव वाटलं," दत्तराव म्हणाले. "डोळे गेले तर मग मी कशाचा मिस्त्री?"

त्यांनी आपला मायक्रोमीटर पुसला आणि माझ्या हातात दिला. "इथून पुढं मापं तुमी घ्यायची. मी हात लावून सांगतो, तुमी आकडा सांगा."

 ज्या मुलीनं एकदा न तपासता विश्वास ठेवून इंजिन घालवलं होतं, तिच्या मापावर आता सगळं उभं राहणार होतं. मी प्रत्येक माप तीनदा घेतलं. दत्तराव शेजारी स्टूल टाकून बसत आणि तिन्ही वेळा, "बराबर, पुढं चला," एवढंच म्हणत. आठव्या दिवशी इंजिन पुन्हा सुरू झालं. त्या दिवसाचा फिल्टर कापला तेव्हा कागद स्वच्छ होता. दत्तरावांनी मग पेढ्यांची आठवण काढली. पेढे कधीच संपले होते.

शर्यत होती त्या शहरात आदल्या दिवशी आम्ही गाडी चारही चाकांची ताकद एकदम मोजणाऱ्या यंत्रावर चढवली. तिथल्या तरुणांनी विचारलं, हे इंजिन कुठं तयार केलं? हिंगोली म्हटल्यावर एकानं, "म्हणजे कुठं आलं ते?" असं विचारलं. पाच मिनिटांनी पडद्यावर पाचशे बारा हा आकडा उमटला आणि तेच तरुण रांगेनं येऊन बॉनेटखाली वाकून पाहू लागले. दत्तराव त्यांना एकेक गोष्ट समजावून सांगत होते, काहीही हातचं न राखता.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या, वापरात नसलेल्या धावपट्टीवर सरळ रेषेची शर्यत होती. माझ्या जुन्या वर्कशॉपची गाडीही आमच्याच गटात होती. इम्रानला चार फेऱ्या मिळाल्या. प्रत्येक फेरीनंतर दत्तराव रेडिएटरला हात लावून उष्णता अजमावत आणि मी आकडे वाचत असे. अखेरच्या फेरीत ती निळी गाडी जागेवरून सुटली तेव्हा चारही चाकांनी जमीन अशी धरली की इम्रानची मान मागं गेलेली आम्हाला दुरून दिसली. फलकावर आमची वेळ सगळ्यात कमी होती. आम्ही पहिले आलो होतो.

माझ्या जुन्या वर्कशॉपचे प्रमुख अभिनंदन करायला आले. त्यांनी दत्तरावांना विचारलं, "कॉम्प्युटरचं काम कुणी केलं?"

"या मीनाक्षीबाईंनी," दत्तराव म्हणाले. "तुमच्याकडंच होत्या की."

ते गृहस्थ माझ्याकडं पाहून काहीतरी पुटपुटले. मला वाटलं होतं, असा क्षण आला तर मी खूप काही बोलेन. बोलावंसं वाटलंच नाही. मी फक्त नमस्कार केला.

परतीसाठी इम्राननं ट्रक सांगून ठेवला होता. दत्तरावांनी तो परत पाठवला. "इंजिन धड हाय. गाडी आपल्या पायानं घरी जाईल." आम्ही तिघं त्याच गाडीतून हिंगोलीला आलो. हळद बाजारात इम्रानच्या वडिलांनी गाडी थांबवली आणि दत्तरावांच्या गळ्यात हार घातला. दत्तरावांनी तो काढून माझ्या गळ्यात घातला. गर्दीत माझे वडील होते, हे मला नंतर कळलं.

त्याच महिन्यात दत्तरावांनी दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घेतली. त्यानंतर आमच्या गॅरेजात अशी पाच इंजिनं तयार झाली आणि एकही परत आलं नाही. मापं मीच घेते. दत्तरावांना आता लख्ख दिसतं, तरी मायक्रोमीटर त्यांनी परत मागितला नाही.

पंचाहत्तरीनिमित्त काय हवं, असं आम्ही त्यांना विचारलं. सत्कार नको म्हणाले, हा ग्रंथही नको म्हणाले. फार आग्रह केल्यावर थोडं लाजत म्हणाले, "ती गाडी एकदा मला चालवू द्या." तेव्हा आमच्या लक्षात आलं, की तिचा एकेक नट ओळखणाऱ्या या माणसानं ती पूर्ण ताकदीनं कधीच चालवली नव्हती.

काल, वाहतूक सुरू व्हायच्या आधीच्या एका नव्या, मोकळ्या रस्त्यावर ठेकेदाराच्या परवानगीनं सकाळी आम्ही गाडी नेली. दत्तरावांनी हेल्मेट घातलं, पट्टा बांधला आणि इम्रानला मागं बसवलं. मी शेजारी बसले. त्यांनी पाय दाबला. मी आयुष्यात असा जोर पाठीला अनुभवला नव्हता. रस्ता संपायच्या बऱ्याच आधी त्यांनी वेग हळूहळू उतरवला, गाडी थांबवली आणि हेल्मेट काढलं. डोळे पाणावले होते, चेहरा लहान लेकरासारखा फुलला होता. आम्ही ते काय बोलतात याची वाट पाहत होतो.

"चौथ्या गिअरला जरा उशिरा उचलती," ते म्हणाले. "उद्या उघडून बघू."

दत्तराव, तुमचं आयुष्य अशाच कामानं भरलेल्या उद्यांचं असो. डोळे, हात आणि कान असेच शाबूत राहोत, कमलकाकूंची सोबत लाभो, आणि शंभराव्या वर्षीही तुम्ही सकाळी नऊला शटर वर करून आम्हाला 'तुमी' म्हणून हाक मारा. चौथ्या गिअरसाठी गिअरबॉक्स आम्ही उघडून ठेवला आहे. तुमची वाट पाहतो आहोत.