खिडकीवर घोंगडी, भाऊ ढाराढूर

मंडळी, आज आमच्या घरी चमत्कार झाला! धाकटा भाऊ दिनेश भरदिवसा सलग सहा तास झोपला.

दिनेश साखर कारखान्यात रातपाळीला आहे. सकाळी घरी आला की डोळे टक्क उघडे. परवा चालत्या मशीनजवळच त्याला डुलकी लागली. जोडीदारानं मागं ओढलं म्हणून वाचला. मी मात्र महिनाभर "मोबाइल कमी बघ" हा फुकटचा सल्ला वाटत होतो.

आज सकाळी त्याला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "झोप आणणारं मेलाटोनिन अंधारात वाढतं. हा झोपायला येतो तेव्हा ऊन असतं, शिवाय जागं करणारं कॉर्टिसॉल चढलेलं. खोलीत काळोख करा."

घरी येऊन खिडकी लावली, तर आई कडाडली, "दिवसा खिडक्या लावायला सुतक हाय का घरात?"

डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. आईनं खिडकीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "रोज ती खिडकी म्याच उघडत हुते की रं."

तिनं स्वतः वडिलांची काळी घोंगडी काढून खिडकीवर ठोकली. चार वाजता दिनेश जांभई देत बाहेर आला, "आई, लई भूक लागली!"

तुमच्या रातपाळीवाल्याची खिडकी कोण उघडतं हो?