चालू इंजिनावर काढलेली तार

जळक्या प्लास्टिकचा वास आला की मला निमगाव केतकीतलं माझं गॅरेज आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरची ती दुपार आठवते. बारामतीचे एक डॉक्टर सुपरचार्जरवाली, म्हणजे इंजिनात जोरानं हवा भरणाऱ्या पंपाची, परदेशी गाडी कशीबशी रेटत आले. इंदापुरात एक बाई बाळंतपणात अडली होती आणि इंजिन ओढतच नव्हतं. "मिस्त्री, लवकर बघा," ते म्हणाले. आमची जुनी रीत अशी, की चालू इंजिनावर बॅटरीची तार काढायची. इंजिन चालत राहिलं तर वीज बनवणारा डायनामो ठीक. ट्रॅक्टरवर शेकडो वेळा केलेलं तेच मी इथं केलं. इंजिन बंद पडलं आणि तो वास आला. तार निघताच विजेचा दाब उसळला होता आणि इंजिन चालवणारा गाडीचा कॉम्प्युटर मी जाळला होता. "कॉम्प्युटर आधीच गेलेला हाय, सायेब," मी धडधडीत खोटं बोललो. "तुम्ही तरी काय करणार!" म्हणत ते बॅग घेऊन भाजीच्या टेम्पोत चढले. नंतर नीट पाहिलं, तर सुपरचार्जरच्या हवेच्या नळीची पट्टी तेवढी सैल होऊन हवा गळत होती; स्क्रू ड्रायव्हरनं दोन वेढे दिले असते तर काम झालं असतं. त्या बाईचं पुढं काय झालं, हे विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही.