भिंतीकडे तोंड करून आग्रह

शेजारचे काका इतके कट्टर शाकाहारी, की त्यांच्या घरात अंडे शिजत नाही; सापाची अंडी मात्र उबवली जातात. कॉर्न स्नेक हा त्यांचा बिनविषारी छंद. सापाच्या पिल्लांसाठी आणलेली उंदराची गोठवलेली पिल्ले माझ्या फ्रीजमध्ये असतात, कारण काकूंनी आपला फ्रीज नाकारला. काका त्यांना ‘खाऊ’ म्हणतात.

परवा त्यांनी मला घाईने बोलावले. सर्वांत धाकटे पिल्लू जन्मल्यापासून उपाशी होते; आता खाल्ले नसते, तर ते वाचले नसते. काकांनी कोमट केलेला खाऊ चिमट्यात धरला आणि नेहमीप्रमाणे तोंड भिंतीकडे फिरवले. ते दृश्य त्यांना पाहवत नाही. फुलंब्रीकडच्या लग्नांत पंगतीला आग्रहाने वाढायला काकांना मुद्दाम बोलावतात. तोच आग्रह सुरू झाला.

“घ्या की राजे, लाजता कशाला? लई वाळलात. एवढा एकच घास, माझ्यासाठी!”

पिल्लाने खाऊ इतक्या अलगद ओढून घेतला, की काकांना कळलेच नाही.

“घेतलं का गं?” त्यांनी भिंतीकडे बघतच विचारले.

निरीक्षण तत्काळ नोंदवावे, असे माझे प्राणिशास्त्राचे शिक्षण सांगते. पण रिकामा चिमटा फार आर्जवाने हलत होता.

“नाही काका,” मी म्हणाले, “अजून थोडं गोड बोला.”