काकू, कॅरॅव्हॅन आणि कँटरबरी

जुनी कॅरॅव्हॅन दुरुस्त करणाऱ्या माणसाला गप्पांसाठी विषय शोधावा लागत नाही. तुम्ही छतावर चढून फटींत सीलंट भरत असता, खाली कुणीतरी कमरेवर हात ठेवून उभं राहतं, काहीतरी बोलतं, आणि संध्याकाळपर्यंत एक किस्सा तयार! न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या आमच्या ड्राइव्हवेमध्ये असे इतके किस्से साठले, की घरी कुणी जेवायला आलं की नवराच म्हणतो, "तो फायर ब्रिगेडचा सांग." मी सांगते. मला आग्रह लागत नाही.

आधी मंडळी कोण ते सांगते. मी चिंचवडची, डिप्लोमा इंजिनिअर, आणि हातात पाना असला की सुखी. नवरा अनिरुद्ध आयटीतला. त्याने हातोडी उचलली की बाकीचे आपापली बोटं सांभाळतात. मंदार साताऱ्याचा, इथे शिकायला आला आणि इथलाच झाला, टायरच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करतो, आमच्याकडेच राहतो आणि मला ताई म्हणतो. शेजारी ब्रायन, रिटायर झालेला. आणि या सगळ्यांच्या वर काकू, म्हणजे मंदारची आई.

मंदारचे वडील साताऱ्याला शाळेत भूगोल शिकवायचे. समशीतोष्ण गवताळ प्रदेश, कँटरबरीचं मैदान, मेंढ्या, लोकर हा त्यांचा खास धडा. फळ्यावर न्यूझीलंडचा नकाशा न बघता काढायचे म्हणे! देश मात्र त्यांनी पाहिला नाही. दोघांनी यायचं ठरलं, आणि त्याआधीच ते गेले. २०१३ च्या सप्टेंबरात काकू एकट्याच आल्या. एअरपोर्टवरून घरी येताना त्यांचा पहिला प्रश्न, "कँटरबरी किती लांब?"

लांब म्हणजे मध्ये समुद्र. फेरीने पलीकडे जायचं, मग रस्ता. मार्चअखेरीला व्हिसा संपणार होता, म्हणजे वेळ भरपूर होता. अडचण एकच. काकू मोटेलमध्ये राहायला तयार नव्हत्या.

"कोण कोण झोपून गेलं असेल त्या गादीवर! आणि त्या ओट्यावर काय काय शिजलं असेल, देव जाणे!"

"मग आपण घरच घेऊन जाऊ," मी म्हणाले. मंदारने माझ्याकडे पाहिलं. अनिरुद्धने लगेच लॅपटॉप उघडला.

* * *

कॅरॅव्हॅन मिळाली डोंगरापलीकडच्या वायरारापातल्या एका शेतावर. साठच्या दशकातली, अंड्यासारखी गोल, आणि आत कोंबड्या! मालकाने कितीतरी वर्षं तिचं खुराडं केलं होतं. तो म्हणाला, "काळजी नको, कोंबड्या मी काढून घेतो." त्याने काढल्या, आम्ही कॅरॅव्हॅन गाडीला जोडली, आणि मंदार मधला घाटाचा रस्ता श्वास रोखून उतरला.

घरी येऊन दार उघडलं, तर वरच्या कपाटात एक कोंबडी, आणि तिच्याखाली अंडं. घाटातली सगळी वळणं पार करून बाई शांत बसलेली! मी मालकाला फोन केला. तो म्हणाला, "राहू दे तिला. तिला तिथलीच सवय आहे."

काकूंनी डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "भाडेकरू टिकलाय म्हणजे जागा चांगली असणार."

कोंबडी पुढे ब्रायनने नेली. तिचं नाव त्याने स्वतःच्या सासूवरून ठेवलं. सासूबाई हयात होत्या.

* * *

जुन्या कॅरॅव्हॅनचा खरा शत्रू पाणी. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा छान चकाकतो आणि आत लाकडी सांगाडा कुजत असतो. आम्ही पत्रा सोडवला, मी चौकटीत स्क्रू ड्रायव्हर टोचला, तर तो शिऱ्यात चमचा जावा तसा आत गेला. मंदारचा चेहरा उतरला.

"ताई, होईल ना हे?"

"होईल," मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले माहीत नाही, पण मी एकदा म्हटलं की मलाही ते खरं वाटायला लागतं.

जुनी लाकडं काढायची, त्यावरून मापं घ्यायची, नवी कापून बसवायची. अनिरुद्ध गॅरेजमध्ये खुर्चीवर बसून लॅपटॉपवर ड्रॉइंग काढायचा आणि तिथून सूचना द्यायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते ब्रायनला मी याच उदाहरणाने समजावलं.

पण काकूंचा पलंग मात्र मीच बनवणार, असं त्याने जाहीर केलं. खाली खण, वर फळ्या, कोपरे गोल घासलेले. खोटं कशाला बोलू, पलंग सुंदर झाला. आदल्या दिवशीच मी आणि मंदारने कॅरॅव्हॅनच्या शेवटच्या भिंतीचा पत्रा ठोकून पक्का केला होता. दुसऱ्या दिवशी अनिरुद्ध पलंग घेऊन आला, आणि पलंग दारातून जाईना. आडवा केला, उभा केला, तिरका केला.

"माप बरोबर आहे!" अनिरुद्ध म्हणाला. "आतल्या जागेचं घेतलंय."

"आणि दाराचं?"

काकू पायरीवर मटार सोलत होत्या. "वरातीमागून घोडं," एवढंच म्हणाल्या आणि पुढची शेंग उचलली.

भिंत पुन्हा उघडली. अनिरुद्ध आजही म्हणतो, चूक भिंतीची होती.

* * *

हे पलंगाचं पुढे, डिसेंबरात झालं. त्याआधी ऑक्टोबरात खंडेनवमी आली. नेमका शनिवार, आणि त्या आठवड्यातला पहिला कोरडा दिवस! मी सकाळी गॅरेजमध्ये गेले, तर एकही हत्यार जागेवर नाही. ड्रिल, पाने, करवत, रिव्हेट गन सगळं पाटावर मांडलेलं, हळदकुंकू वाहिलेलं, आणि मागे बागेतली फुलं. त्यात ब्रायनकडून मागून आणलेलं त्याचं ड्रिलसुद्धा!

"काकू, आज ऊन आहे हो!"

"आज हत्यारांना सुट्टी. वर्षभर राबतात ती. तूही बस."

तेवढ्यात ब्रायन आपलं ड्रिल परत न्यायला आला. त्याने कुंकू पाहिलं, फुलं पाहिली, टोपी काढली. मी त्याला समजावून सांगितलं. तो ड्रिलही न घेता गेला. आम्हाला वाटलं, रागावला.

पाच मिनिटांनी तो आपला लॉनमोवर ढकलत परत आला. "ईस्टरपासून चालू होत नाहीये. बाईंना विचार, यालाही बसवता येईल का?"

काकूंनी त्यालाही कुंकू लावलं. सोमवारी तो लॉनमोवर चालू झाला. मी फक्त घडलं ते सांगते, त्याचा अर्थ ज्याचा त्याने लावावा.

* * *

आता फायर ब्रिगेड. सांगाडा नवा झाला, पत्रा चढला, पण पाऊस पडला की कुठूनतरी ओल यायचीच. फट काही सापडत नव्हती. तेव्हा मला सुचलं, पाणी आत जातंय म्हणजे हवा बाहेर येणार. आत धूर करू आणि बाहेरून बघू. आयडिया उत्तम होती, अजूनही आहे!

धूर कशाचा करायचा? काकूंकडे साताऱ्याहून आणलेला धूप होता आणि छोटं धुपाटणं. निखारे केले, धूप घातला, दारंखिडक्या बंद केल्या. थोड्याच वेळात समोरच्या खिडकीच्या वरच्या कडेतून धुराची बारीक रेघ निघाली. दुसरी छताच्या झरोक्यापाशी. मी खडूने खुणा करत होते आणि आनंदाने ओरडत होते.

समोरच्या घरातल्या बाईला मात्र एवढंच दिसलं, की कॅरॅव्हॅन पेटलीय आणि एक बाई तिच्याभोवती नाचतेय. तिने १११ हा आणीबाणीचा नंबर लावला.

लाल गाडी सायरन वाजवत आली. धिप्पाड माणसं उतरली. मी घाईघाईने सांगितलं की आग नाही, आम्ही गळती शोधतोय. मुख्य माणसाने धुपाटण्याकडे बघितलं, खडूच्या खुणांकडे बघितलं. "सापडली?"

"दोन ठिकाणी."

"स्वीट ॲज," म्हणजे झकास, असं तो म्हणाला आणि वळला. तेवढ्यात काकू मागून म्हणाल्या, "अगं, आलेच आहेत तर जरा पाणी मारून दाखवा म्हणावं. खात्री होईल."

मी जिभेवर ताबा ठेवायला हवा होता. ठेवला नाही. भाषांतर केलं. तो माणूस हसत सुटला, आणि त्यांनी खरंच हलक्या धारेने कॅरॅव्हॅन भिजवली! अनिरुद्ध आधीच आत जाऊन बसला होता. तो ओरडला, "इथून येतंय! खिडकीवरून!" धूर खरं बोलत होता.

जाताना प्रत्येकाच्या हातात रव्याचा लाडू होता.

* * *

पण त्या खिडकीने आम्हाला रडवलं. खिडकी काढली, तर बदलायचा राहून गेलेला खालचा कोपरा कुजलेला. फेब्रुवारी निम्मा सरला होता. मंदारला वर्कशॉपमधून रजा मिळणंही अवघड झालं होतं. त्या संध्याकाळी काकू चहा घेऊन आल्या आणि सहज म्हणाव्यात तसं म्हणाल्या, "राहू दे गं आता. तुम्ही खूप केलंत. फोटो बघीन मी. ह्यांनी तरी कुठे पाहिलं होतं?"

मला रडू आलं. आणि मला रडू आलं की मी चिडते. "काकू, फोटो बघायचे असते तर तुम्ही साताऱ्यातच बघितले असते. कँटरबरी बघितल्याशिवाय तुम्ही विमानात बसायचं नाही!" एवढ्या मोठ्या आवाजात मी सासूशीसुद्धा कधी बोलले नाही. काकू उठल्या, आत गेल्या, आणि जुनी साडी नेसून परत आल्या. "दे तो सँडपेपर," म्हणाल्या.

कोपरा पुढच्याच आठवड्यात झाला.

* * *

रस्त्यावर न्यायची तर कॅरॅव्हॅनला वॉरंट लागतं, म्हणजे तपासणीचा शिक्का. मंदारने ब्रेक, टायर, जोडणी, दिवे सगळं दहादा बघितलं होतं. तपासणारा माणूस सावकाश फिरला, खाली वाकला, मागे गेला आणि म्हणाला, "नापास."

मंदार पांढरा पडला. "का?"

"नंबर प्लेट दिसत नाही. दिवाही नाही."

काकूंनी पहाटे मागच्या बाजूला झेंडूचं तोरण बांधलं होतं! प्लास्टिकचं, भरगच्च, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मंदारने धावत जाऊन ते सोडलं. माणसाने पुन्हा बघितलं आणि शिक्का दिला.

काकू मला म्हणाल्या, "नंतर परत बांधू." मी ते इंग्रजीत सांगितलं नाही. तरी तो माणूस म्हणाला, "मी काही ऐकलं नाही हं."

* * *

फेरीने पलीकडे गेलो. वाटेत जिथे थांबावं तिथे कुणीतरी साठीसत्तरीचं जोडपं येणार, पत्र्यावरून हात फिरवणार आणि म्हणणार, "आमचा हनिमून अश्शाच कॅरॅव्हॅनमध्ये झाला!" पिक्टनला एक जोडपं, ब्लेनमच्या पेट्रोल पंपावर दुसरं, कायकोराला डेअरीतून दूध घेऊन बाहेर येतोय तर तिसरं. काकू प्रत्येक वेळी विचारायच्या, काय म्हणाले? आणि मी सांगायचे.

तिसऱ्या जोडप्यानंतर त्या आपल्या पलंगाकडे बघत म्हणाल्या, "मग मोटेल काय वाईट होतं!"

* * *

आणि मग कँटरबरी.

क्राइस्टचर्च मागे पडलं, जमीन सपाट झाली, पार डोंगरापर्यंत. काकू पुढच्या सीटवर, मांडीवर पर्स धरून ताठ. आणि दोन्ही बाजूंना गाई. गाई आणि शेतात पाणी मारणारे ते लांबलचक फवारे. मेंढी औषधालाही नाही!

"मेंढ्या कुठायत?" काकूंनी विचारलं. आणखी गाई गेल्या. "ह्यांनी जन्मभर पोरांना मेंढ्या शिकवल्या," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज असा बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मंदारने मुख्य रस्ता सोडला आणि गाडी डोंगराच्या दिशेने आतल्या रस्त्याला घातली.

राकाया नदीच्या वरच्या अंगाला एका कुंपणापलीकडे त्या दिसल्या. पिवळट गवतात, दूरवर, शेकड्यांनी. मंदारने गाडी कडेला घेतली. काकू उतरल्या आणि कुंपणाशी जाऊन उभ्या राहिल्या. वारा असा की पदर आवरेना.

आम्ही अडलोय असं वाटून शेतकरी आपल्या चारचाकी क्वाड बाइकवरून आला. सहा फूट उंच, शॉर्ट्स, गमबूट. "सगळं ठीक ना?"

मी सांगितलं, या बाईंना मेंढ्या बघायच्या होत्या. तो हसून निघणार, तेवढ्यात काकू वळल्या.

"त्याला विचार, इथे आता गाई का?"

त्याने सांगितलं. तो लहान होता तेव्हा रस्त्यापासून डोंगरापर्यंत मेंढ्याच होत्या. पुढे कालव्याचं पाणी आलं, दुधाला भाव आला, शेजाऱ्यांनी गाई घेतल्या. त्याने मेंढ्या ठेवल्या.

"हा वारा कुठून येतो?"

"नॉरवेस्टर," तो म्हणाला. डोंगरापलीकडे पाऊस टाकून येतो, इकडे उतरतो तो कोरडा, गरम.

काकू दोन पावलं पुढे गेल्या. पर्स डाव्या हातात घेतली.

"आणि हे मैदान कसं तयार झालं?"

मी विचारलं. त्याने टोपी मागे सरकवली, डोंगराकडे हात केला. नद्यांनी केलं, म्हणाला. तिकडून दगडगोटे, वाळू, गाळ आणून पसरला, थरावर थर. आम्ही उभे आहोत त्याच्याखाली नुसते नदीचे गोटे आहेत.

काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मंदार दुसरीकडे तोंड करून उभा होता.

"बरोबर," काकू म्हणाल्या. "शाब्बास. बस खाली."

शेतकऱ्याने माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाल्या त्या?"

मी डोळे पुसत होते. अनिरुद्धनेच सांगितलं, "शी सेज, करेक्ट. सिट डाउन."

त्याने एकदा काकूंकडे बघितलं. मग टोपी काढली, आणि तो एवढा मोठा गडी कॅरॅव्हॅनच्या पायरीवर मुकाट्याने बसला.